हळदीचं आठ पॉइंट दोन

आमच्या सरांना लग्नाचं आमंत्रण द्यायला वसमतमधले लोक जरा कचरत, आणि त्याला कारण होता त्यांच्या शर्टाचा खिसा. त्या खिशात पेनाशेजारी आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांचं एक पुडकं कायम असे. पंगतीत ताक वाढलं की सर पट्टी काढत, द्रोणात बुडवत, रंग उजेडाकडं धरून पाहत आणि यजमानाला सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगत, "साडेचार. बराबर लागलंय." एका लग्नात त्यांनी वरणात पट्टी बुडवली आणि नुसतंच "हं" केलं. वधूपित्यानं घाबरून आचाऱ्याला मांडवामागं नेऊन फैलावर घेतलं. वरणात काही वाईट नव्हतं. चिंच किती घातलीय एवढंच सरांना पाहायचं होतं.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, नंतर त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. विषय जीवरसायन. त्या अख्ख्या विषयात सरांचं मन एकाच ठिकाणी अडकलेलं होतं, ते म्हणजे प्रथिनांचा समविद्युत बिंदू. पुस्तकातली व्याख्या ते कधी सांगत नसत. हातातला डस्टर टेबलावर ठेवून म्हणत, "इजेच्या दोन टोकांमधी प्रथिन सोडा. आंबटपणा जास्त असला तर ते ऋण टोकाकडं पळतं, कमी असला तर धन टोकाकडं. मधी एक आकडा असा येतो की ते हालत न्हाई. बसलं म्हंजी बसलं. तो त्याचा आकडा." मग आकडे सुरू व्हायचे. दुधातल्या केसिनचा चार पॉइंट सहा, अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमचा अकराच्या आसपास. हे आकडे ते घरातल्या माणसांची वयं सांगावीत तसे सांगत.

हे आकडे त्यांच्याकडं कार्डांवर होते. कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. गावातून आलेली एकही पत्रिका ते टाकत नसत. मागची कोरी बाजू एका मापात कापायची, एका कार्डावर एक प्रथिन. नाव, आकडा, किती तापमानाला मोजला, कोणत्या रीतीनं मोजला, आणि शेवटी कोणी मोजला. प्रत्यक्ष मोजलेला आकडा निळ्या शाईनं, गणितानं काढलेला लाल शाईनं. बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे या कार्डांनी भरलेले होते. पेप्सिनचा आकडा शोधावा तर मागं कोणाचा तरी शुभविवाह, आणि खाली 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'. आमच्या ग्रंथालयात अशा आकड्यांचं एकच जाडजूड संदर्भपुस्तक होतं आणि त्याच्या मधल्या भागाची वाळवीनं चाळण केली होती. म्हणून सर दर उन्हाळ्यात रातराणी एसटीनं मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत जात आणि हातानं उतरवून आणत. हल्ली हे सगळं मोबाइलवर मिळतं असं मी त्यांना एकदा सांगितलं. ते चिडले नाहीत. माझा मोबाइल घेतला, पडद्यावरचा आकडा वाचला आणि विचारलं, "कोणी मोजला?"

हा त्यांचा जगाला असलेला कायमचा प्रश्न होता. सिद्धेश्वर धरण इतके इतके टक्के भरलं असं पेपरात आलं की सर पेपर खाली ठेवून विचारत, कोणी मोजलं? एका पावसाळ्यात त्यांना इतकी चुटपुट लागली, की एसटी पकडून धरणावर गेले, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी स्वतः पाहिली, तिथल्या चौकीदाराबरोबर चहा घेतला आणि संध्याकाळी परत आले. "बराबर हाय," एवढंच आम्हाला सांगितलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, ताप आहे म्हणून कपाळाला हात लावला तरी ते थर्मामीटर मागत. काकू म्हणत, "माझा हात थर्मामीटरच हाय," आणि बहुतेक वेळा त्यांचा हात बरोबर निघे.

दुधाचा किस्सा तर अजून कॉलेजात सांगतात. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकाला दूध लागायचं. दुधात थेंब थेंब आम्ल घालत जायचं आणि ते कुठं फाटतं ते पाहायचं, एवढंच. त्या वर्षी एका गटाचं दूध फाटेचना. ठरलेल्या मापाच्या जवळजवळ दुप्पट आम्ल गेलं तेव्हा कुठं चोथा दिसला. पोरं म्हणाली, सर, आम्ल जुनं असेल. सरांनी फाटलेल्या दुधात पट्टी बुडवली. आकडा जिथं यायचा तिथंच आला होता. मग त्यांनी उरलेल्या कच्च्या दुधात पट्टी बुडवली, प्रयोग करताना नेहमी डोक्याला गुंडाळत तो टॉवेल सोडला आणि चालतच दूधवाल्याकडं गेले. आम्ही दहा-बारा जणी मागोमाग.

"दुधात सोडा घालून राहिला का?" सरांनी सरळ विचारलं.

दूधवाला बिचारा गडबडला. "उन्हाचं नासतं सर. चिमूटभर टाकतो. तुमाला कोण सांगितलं?"

"दुधानंच सांगितलं."

त्यानंतर तो दूधवाला कॉलेजचं दूध वेगळ्या किटलीत आणायचा, आणि गावातले लोक त्याला त्याच किटलीतलं दूध मागायला लागले.

अशा माणसाच्या हाताखाली शिकून मी जे केलं ते सांगायला आजही जीभ जड होते. माझा पीएच.डी.चा विषय आकड्यांचाच होता. प्रथिनाची रचना संगणकात घातली की तो समविद्युत बिंदू गणितानं काढून देतो. हे गणित वनस्पतींच्या प्रथिनांना कितपत लागू पडतं ते मला पाहायचं होतं. त्यासाठी माणसांनी प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवेत. अर्धे मी छापील संदर्भांतून काढले आणि अर्धे सरांच्या डब्यांतून. सरांनी सातही डबे रिक्षात घालून माझ्या घरी पाठवले होते आणि रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून दोनदा बजावलं होतं.

सगळ्यांत मोठा फरक निघाला हळदीच्या कंदातल्या एका लहानशा प्रथिनात. संगणक म्हणत होता पाच पॉइंट सहा, सरांचं कार्ड म्हणत होतं आठ पॉइंट दोन. एवढा फरक का पडतो, यावर मी शेवटचं अख्खं प्रकरण लिहिलं. नांदेडचे माझे गाईड त्या प्रकरणावर खूश होते. त्या कार्डावर आकडा निळ्या शाईत होता, तापमान होतं, रीतही होती. फक्त 'कोणी मोजला' ही जागा रिकामी होती. मी घाईत होते. सर लिहायचं विसरले असतील असं धरून मी मागच्या-पुढच्या कार्डांवरचा संदर्भ याही आकड्याला लावून टाकला.

परीक्षकानं नेमकं तेच पान उघडून पाहिलं. ऐन मे महिन्यात पत्र आलं, की दिलेल्या संदर्भात हा आकडा नाही. महिन्याभरात खरा स्रोत दाखवावा, नाहीतर शेवटचं प्रकरण काढून प्रबंध नव्यानं सादर करावा. खालची ओळ जास्त लागली. संदर्भ कसे दिले आहेत याची सगळ्याच तक्त्यात पुन्हा तपासणी व्हावी, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे सरळ भाषेत, बाई खोटं लिहितात की काय ते पाहा. मी चार दिवस मिळतील तेवढे संदर्भ धुंडाळले. कुठल्याही तक्त्यात, कुठल्याही जुन्या अंकात हळदीचं ते आठ पॉइंट दोन नव्हतं. पाचव्या दिवशी ते कार्ड पर्समध्ये घालून मी सरांच्या घरी गेले. तोवर ते निवृत्त झाले होते.

त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं करून ती पत्रिका कोणाची ते पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"हे कार्ड डब्यात ठेवायला नको होतं मी," ते म्हणाले.

"कोणी मोजलंय सर?"

"मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी सांगितलं. तिशी गाठायच्या आत ते एका मोठ्या शहरात संशोधनाला होते. नुकतं लग्न झालेलं. काकूंचं माहेर औंढ्याकडचं, कॅनॉलच्या पाण्यावर हळद पिकवणारं घर. सासऱ्यांनी पिशवीभर हळद दिली, तिच्यातून त्यांनी हे प्रथिन वेगळं केलं आणि आठ पॉइंट दोन मोजलं. तीनदा मोजलं. गाईडनी खात्री करायला दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तेच काम दिलं. त्याला काहीच सापडलं नाही. आकडा सोडा, प्रथिनच सापडलं नाही.

"गाईड म्हणाले, तुझ्या हळदीतच काही भेसळ असंल, न्हाईतर तू मनानं आकडा घातला. मी सगळं सोडून इकडं आलो." सर कार्डाकडं पाहत म्हणाले. "आन् त्या वक्ताला घरी येऊन हिच्या वडलांम्होरं, भावाम्होरं मीबी तेच म्हणलो. तुमच्या हळदीतच खोट होती म्हणून."

काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या, आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला.

जन्मभर जगाला 'कोणी मोजलं' विचारत फिरलेला हा माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण त्यांच्या एका रिकाम्या जागेपायी माझी पदवी लटकली होती. आला नाही.

"सर, परत मोजू," मी म्हणाले.

"नको. मागच्या बारीवाणी झालं तर?"

"झालं तर मी प्रकरण काढून टाकीन. पण मोजल्याशिवाय काढणार नाही."

सुटीचे दिवस होते. प्राचार्यांनी प्रयोगशाळेची किल्ली दिली. मी मोंढ्यातून, म्हणजे इथल्या घाऊक बाजारातून, अर्धा किलो हळद आणली, तीही निवडून, पिवळीधमक. माझे वडील एसटीत वाहक, शेतीशी आमचा संबंध जेवणापुरता. सर डोक्याला टॉवेल गुंडाळून हजर झाले. हळद मी घरूनच रात्रभर भिजवून, मिक्सरमधून वाटून नेली होती. तीन दिवस आम्ही ती भिजवली, गाळली, लवण टाकून साका खाली बसवायचा प्रयत्न केला. आमचे हात इतके पिवळे झाले, की बसमध्ये एका बाईनं मला विचारलं, "घरी लग्न हाय का?" चौथ्या दिवशी प्रथिन सरकवून पाहायच्या जुन्या पेटीत काच ठेवून वीज लावून पाहिली. फक्त प्रथिनाला चढणारा रंग देऊन धुतल्यावर काचेवर काहीच नव्हतं. एक ठिपकासुद्धा नाही.

सर खुर्चीत बसले. "असंच झालं होतं त्याचं," ते म्हणाले. "म्हंजी चूक माझीच." इतका दमलेला त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी उगाच काचा धुवायला लागले.

तेवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. शेजारी माझ्या पिशवीत उरलेली चार हळकुंडं होती, त्यातलं एक उचलून त्यांनी बोटांत फिरवलं.

"ही कुठून आणली व्हय?"

"मोंढ्यातून," मी म्हणाले.

"ही तर शिजवलेली हाय. कुकरला शिजवून, वाळवून, पॉलिश करून मंग मोंढ्यात येती. तुमाला शिजवलेली चालती का?"

सरांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं. अंडं उकडलं की त्यातलं प्रथिन कायमचं गोठून बसतं, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. हळदीच्या गावात राहून मला हे ठाऊक नव्हतं, की बाजारातली हळद आधी शिजवलेली असते. आणि सरांना ते ठाऊक होतं, पण मी ओलीच आणली असणार असं त्यांनी धरलं होतं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुठून आणलीस म्हणून विचारलं नाही.

"काहून असं बघून राहिले?" काकू म्हणाल्या. "तवा भाऊंनी तुमाला बेण्यातली दिली होती. ओली. मीच पिशवीत भरली होती."

भाऊ म्हणजे काकूंचे वडील. सर उठून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण ते आमच्याशी बोलत नव्हते. त्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं त्या शहरात हळद आणली असणार ती कुठून, याचा विचार करायला त्यांना इतकी वर्षं लागली होती. किराणा दुकानातून. दुसरीकडून तो आणणार तरी कुठून?

आता मे महिन्यात ओली हळद मिळायची तर ती बेण्यातच. पुढच्या लागवडीचे गड्डे झाडाच्या सावलीत ढीग करून, वर पाला घालून ठेवलेले असतात आणि शेतकरी त्यांना कोणाला हात लावू देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं काकूंच्या माहेरी गेलो. भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. शेत आता काकूंचा भाऊ पाहतो. लिंबाखाली तो ढीग होता.

"लावायच्या टायमाला बेणं मागता का दाजी?" तो म्हणाला. "कशाला पायजे?"

काकूच म्हणाल्या, "दे दोन-चार गड्डे. मी मागून राहिले."

त्यानं पाला बाजूला केला आणि स्वतः निवडून चांगले सहा गड्डे दिले.

परीक्षकाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. संदर्भ चुकीचा दिला ही माझी चूक होती, ती मी स्वच्छ लिहून कळवली. बाकीचे सगळे संदर्भ पुन्हा ताडून पाहिले, ते बरोबर निघाले. आमचा प्रयोग रीतीसकट परिशिष्टात जोडला. गाईडनी उरलेलं प्रथिन नांदेडला नेऊन तिथल्या चांगल्या यंत्रावरही तपासलं. प्रकरण राहिलं, पदवी मिळाली. तोंडी परीक्षेच्या दिवशी परीक्षक मला म्हणाले, असं पत्राचं उत्तर फार कमी लोक देतात. मी बाहेर येऊन पाणी प्यायले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की महिनाभर मी खांदे वर ओढूनच वावरत होते.

पण खरा दिवस तो नव्हता. खरा दिवस प्रयोगशाळेतला. दुपारचे दोन वाजले असतील. सात काचा तयार होत्या, प्रत्येकीचा आंबटपणा थोडा थोडा वेगळा; आकडा लहान तितका आंबटपणा जास्त. मधे एकदा लाईट गेली, परत आली, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रंग चढला. पाचपासून सातपर्यंतच्या काचांवर निळा ठिपका ऋण टोकाकडं सरकलेला होता. आठच्या काचेवर अगदी किंचित तिकडंच. आठ पॉइंट चारच्या काचेवर किंचित उलट बाजूला. आठ पॉइंट दोनची काच मी उजेडाला धरली. ठिपका जिथं ठेवला होता तिथंच होता.

सरांनी चष्मा काढून पुसला, फूटपट्टी लावली, पुन्हा लावली. मला म्हणाले, "तू मोज." मी मोजलं. जराही सरकलेला नव्हता. मी हसत होते की रडत होते ते मलाही सांगता यायचं नाही. परीक्षक, पत्र, नोकरी, सगळं एकदम छातीवरून उतरलं होतं.

मी गाईडना फोन लावायला मोबाइल काढला. सरांनी हात पुढं केला. "आधी मला घरी लावून दे."

मी लावून दिला. त्यांचे हात ओले होते म्हणून स्पीकर सुरू केला.

"अगं, मी बोलून राहिलो," सर म्हणाले. "बराबर निघाला. आठ पॉइंट दोनच हाय."

मग काकू म्हणाल्या, "म्हंजी भाऊंच्या हळदीत खोट नव्हती."

"न्हाई," सर म्हणाले. "कधीच नव्हती. मी चुकलो व्हतो."

"मंग या घरी," काकू म्हणाल्या. "आन् भाऊ तर आता न्हाईत, आपल्या तोंडानं माझ्या भावाला सांगा."